मालवाहू पिकअपचे आच्छादन : निवड आणि वापर

सोयाबीनची मळणी आटोपली, पोती शिवून खळ्यावर उभी राहिली, म्हणजे यंदाच्या पिकाची चिंता संपली असे शेतकऱ्यास वाटू लागते. तसे वाटणे स्वाभाविकही आहे. पेरणीनंतरचा पावसाचा खंड, फुलोऱ्यातील अळी, शेंगा भरताना लागलेली झड या सर्वांतून जे वाचले ते आता पोत्यांत भरलेले डोळ्यांसमोर दिसत असते. परंतु खळे आणि बाजार समितीचे आवार यांच्यामधला चाळीस-पन्नास किलोमीटरांचा रस्ता अद्याप शिल्लक असतो. आणि चार महिने राखलेला माल याच रस्त्यावर अर्ध्या तासात भिजून जाऊ शकतो.

बुलढाणा जिल्ह्याची रचनाच अशी आहे की, हा धोका येथे अधिक संभवतो. घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख असे जिल्ह्याचे दोन भाग आपण बोलण्यात नेहमीच करतो. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर. चिखलीकडील माल खामगावी उतरविताना, अथवा बुलढाण्याहून राजूर घाटाने मोताळा-मलकापूरकडे जाताना, निघते वेळी निरभ्र असलेले आभाळ घाटात भरून येते हा अनुभव कोणासही नवीन नाही. त्यातून सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस यांची गाठ ठरलेलीच. २०१९ साली ऑक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरच्या प्रारंभी राज्यभर झालेला अवकाळी पाऊस अनेकांच्या स्मरणात असेल. शेतात उभ्या असलेल्या पिकाला त्या पावसापासून वाचविण्याचा उपाय कोणाच्याच हाती नव्हता. गाडीत भरलेल्या मालाचे तसे नाही. तो वाचविणे सर्वस्वी आपल्या हाती असते, व त्याकरिता लागणारी वस्तू साधी आहे : एक चांगले आच्छादन, म्हणजे ताडपत्री.

खामगावच्या कापूस बाजारास शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्गाची शाखा १८७० साली आली ती मुख्यतः कापसासाठीच. त्या काळी वऱ्हाडातील कापूस बैलगाड्यांतून खामगावी येई. गाडीला तट्ट्या लावलेल्या, वर घोंगडी वा जाजम टाकलेले, आणि बैलांची चाल तासाला दीड-दोन कोसांची. पावसाची चिन्हे दिसली तर गाडीवान वाटेतल्या गावी गाडी थांबवी. आज खळ्यावरून बहुतेक माल पिकअपने निघतो आणि ही गाडी तासाला पन्नास-साठ किलोमीटर वेगाने धावते. या वेगाने आच्छादनाचा सारा प्रश्नच बदलून टाकला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी साठने जाऊ लागली तर ताडपत्रीवरील वाऱ्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. घोंगडीने भागण्याचे दिवस म्हणूनच गेले. तथापि अनेक ठिकाणी आजही असे आढळते की, घरात पडून असलेले, उन्हाने तडकलेले, चारही कोपरे फाटलेले एखादे प्लास्टिक ऐनवेळी मालावर टाकले जाते आणि त्यावर दोन दगड ठेवून गाडी निघते.

थोडे पाणी लागल्याने काय बिघडते, असा प्रश्न केला जातो. याचे उत्तर हिशोबानेच देणे बरे. हमीभावाने खरेदी करताना सोयाबीनमधील ओलाव्याची मर्यादा सर्वसाधारणपणे १२ टक्के धरली जाते. (२०२४ च्या हंगामात केंद्र शासनाने ती तेवढ्यापुरती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, परंतु अशी सवलत दर वर्षी मिळेल असे गृहीत धरून चालू नये.) १२ टक्के ओलावा असलेल्या एक क्विंटल सोयाबीनमध्ये ८८ किलो कोरडा दाणा व १२ किलो पाणी असते. हाच माल १५ टक्क्यांवर जाण्यास किती पाणी पुरते? अवघे साडेतीन लिटर. पिकअपमध्ये पंधरा क्विंटल माल असेल तर सुमारे ५३ लिटर पाणी सबंध गाडीचा माल १२ वरून १५ टक्क्यांवर नेण्यास पुरेसे होते.

आता दुसरी बाजू पाहू. नऊ फूट लांब व साडेपाच फूट रुंद अशा हौद्यावर ताडपत्री सैल टाकलेली आहे व मध्ये खोलगट झाली आहे असे समजा. त्या खोलगट भागात सरासरी एक इंच पाणी साचले तर ते सुमारे ११७ लिटर भरते. एवढे पाणी एखाद्या छिद्रातून अथवा फाटक्या शिवणीतून खाली उतरले, तर ते पंधरा क्विंटलांत समप्रमाणात वाटले जाणार नाही हे उघड आहे. वरची चार-सहा पोती ते सगळे पिऊन टाकतील, दाणा फुगेल, साल सुटेल, आणि दोन दिवस पोती तशीच थप्पीत राहिली तर बुरशीचा वास येऊ लागेल. व्यापारी किंवा खरेदी केंद्रावरचा प्रतवारी करणारा कर्मचारी नमुना काढतो तो बहुधा वरच्या पोत्यांतूनच. चार पोती भिजली तरी भाव गाडीभर मालाचा पडतो, तो यामुळे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या दराने पंधरा क्विंटलांची किंमत ७९,९२० रुपये होते. एवढ्या ऐवजाच्या रक्षणासाठी ताडपत्री घेताना फुटामागे दोन-चार रुपयांची काटकसर करावी काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत विचाराल तर करू नये.

बाजारात मिळणारी आच्छादने मुख्यतः तीन जातींची असतात. पहिली जात जुनी, सुती किंताणाची. जाड सुती कापडावर मेण व तत्सम द्रव्यांचा लेप देऊन ती तयार करतात. हिचा मोठा गुण असा की, तिच्यातून थोडी हवा खेळते, त्यामुळे आत वाफ धरत नाही. शिवाय दोर व वारा यांचा ताण ती चांगला सोसते. दोष असा की, ती मुळातच जड, भिजल्यावर आणखी जड, आणि ओली घडी करून ठेवली तर काही दिवसांतच बुरशीने कुजते. आतून पोत्यांना घट्ट चिकटून राहिली तर त्या जागी पाणी झिरपते. पूर्वी हिला पर्याय नव्हता; आज खेड्यातील एका माणसाने ती पिकअपवर चढवावी ही अपेक्षा कठीणच आहे.

दुसरी जात म्हणजे सध्या घरोघरी दिसणारी प्लास्टिकची विणलेली ताडपत्री. पॉलिथिनच्या चपट्या पट्ट्या विणून कापड तयार करतात व त्याच्या दोन्ही अंगांना त्याच जातीच्या प्लास्टिकचा पातळ थर देतात. वजनाला हलकी, किंमतीने परवडणारी, कुजत नाही, लवकर वाळते. परंतु सर्वांत अधिक फसवणूकही हिच्यातच होते, म्हणून हिच्याविषयी पुढे विस्ताराने लिहिले आहे.

तिसरी जात पॉलिएस्टर कापडावर पीव्हीसीचा लेप दिलेल्या जाड आच्छादनाची. मोठ्या मालमोटारींवर ती दिसते. ती मोजमाप देऊन शिवून घ्यावी लागते, महाग असते, पण नीट वापरल्यास अनेक वर्षे टिकते. ज्यांचा भाड्याने माल वाहण्याचा धंदा आहे व ज्यांची गाडी बारमाही रस्त्यावर असते, त्यांनी हीच घ्यावी. वर्षातून पाच-सात खेपा करणाऱ्या शेतकऱ्यास तिची गरज नाही.

अमेरिकेत पिकअप गाड्यांच्या हौद्यावर घडीची वा गुंडाळण्याची टणक झाकणे बसविण्याची पद्धत आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची किंवा फायबरची ही झाकणे हौद्याच्या काठाशी सपाट बसतात व कुलूपही लावता येते. अशी झाकणे आपल्याकडेही बसविता येतील काय, असे काही तरुण वाहनमालक विचारतात. तिकडे हौद्यातील सामान काठाच्या आत मावणारे असते. आपल्याकडे पोत्यांच्या थप्प्या काठावर दोन-तीन फूट चढतात आणि कापूस तर त्याहून वर. तेथे सपाट झाकण निरुपयोगी आहे. बियाणे, खते, औषधे किंवा अवजारे नेण्याकरिताच गाडी वापरणाऱ्या कृषी सेवा केंद्राच्या चालकास मात्र असे झाकण अथवा बंद पेटीची गाडी निश्चित उपयोगी पडेल. युरियासारखे खत हवेतील दमटपणानेही गोळा होते, याची आठवण येथे करून देणे अप्रस्तुत होणार नाही.

आता प्लास्टिकच्या ताडपत्रीची पारख. दुकानात गेल्यावर दोन आकडे कानांवर पडतात : मायक्रॉन आणि जीएसएम. मायक्रॉन म्हणजे जाडी. विणलेल्या कापडास खळगे व उंचवटे असतात, त्यामुळे जाडी कोठे व कशी मोजली यावर हा आकडा हलतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. हा आकडा तपासण्यास कसलेही यंत्र लागत नाही. दुकानातील साधा तराजू पुरतो. उदाहरणार्थ, १५ फूट बाय १२ फूट ताडपत्री २०० जीएसएमची आहे असे दुकानदार सांगतो. १५ गुणिले १२ म्हणजे १८० चौरस फूट. दहा पूर्णांक शहात्तर शतांश चौरस फुटांचा एक चौरस मीटर होतो, म्हणजे हे क्षेत्र पावणेसतरा चौरस मीटरांच्या आसपास झाले. त्यास २०० ने गुणले असता वजन सुमारे ३ किलो ३५० ग्रॅम यावयास हवे. काठाची दुमड व कड्या धरून ते थोडे अधिकच भरेल. तराजूने अडीच किलो दाखविले तर ती ताडपत्री १५० जीएसएमचीच आहे, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो. २५० जीएसएमची हवी असल्यास याच मापाचे वजन ४ किलो २०० ग्रॅमच्या जवळ असले पाहिजे. वजनाबरोबर टेपने लांबी-रुंदीही मोजावी. कारण सांगितलेले माप पुष्कळदा काठ दुमडण्यापूर्वीचे असते व प्रत्यक्षात ताडपत्री अर्धा-एक फूट कमी भरते. हा तराजूचा प्रयोग ग्रामसेवकांनी गावच्या सभेत एकदा करून दाखवावा. दहा व्याख्यानांनी जे साधत नाही ते त्याने साधेल.

केवळ वजनावरही विसंबून चालत नाही. प्लास्टिकमध्ये स्वस्त भुकटीची भर घालून वजन वाढविता येते, आणि असा माल उन्हात लवकर ठिसूळ होतो. म्हणून भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह व त्याखाली आयएस ७९०३ हा क्रमांक आहे किंवा नाही ते पाहावे. विणलेल्या प्लास्टिक ताडपत्रीसाठी हे मानक आहे. उन्हापासून संरक्षणाचे द्रव्य प्लास्टिकमध्ये मिसळलेले आहे काय, हे विचारून पक्क्या पावतीवर लिहून घ्यावे. त्यानंतर ताडपत्री उन्हाकडे धरून टाचणीएवढी छिद्रे दिसतात का ते पाहावे. कोपऱ्यावर नखाने खरवडून वरचा थर सुटतो का ते पाहावे. काठाच्या दुमडीत आतून दोर घातलेला असावा, आणि कड्या गंजणाऱ्या लोखंडाच्या नसून ॲल्युमिनियमच्या किंवा पितळी असाव्यात. कड्यांमधील अंतर तीन फुटांहून अधिक नसावे. ताडपत्री मध्ये क्वचितच फाटते. ती फाटते ती कडीपाशी. रंगाचा प्रश्न गौण आहे, तथापि एक बाजू पांढरी किंवा चंदेरी असेल तर ती उन्हाकडे ठेवल्याने आतील माल कमी तापतो.

माप ठरविताना हौद्याचे माप घेऊन थांबणे ही नेहमीची चूक होय. माप मालाचे घ्यावयाचे असते. वर सांगितलेल्या नऊ बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात थप्पी काठावर दोन फूट चढणार असेल, तर प्रत्येक बाजूस ते दोन फूट आणि काठाखाली निदान एक फूट, अशी तीन-तीन फुटांची झूल हवी. लांबी नऊ अधिक सहा म्हणजे पंधरा. रुंदी साडेपाच अधिक सहा म्हणजे साडेअकरा. बाजारात मिळणारे १५ बाय १२ चे माप येथे बरोबर बसते. काठाच्या आत संपणारी ताडपत्री ही नसल्यापेक्षा वाईट, कारण ती वरचे सगळे पाणी गोळा करून हौद्याच्या आत सोडते. दुसऱ्या टोकाला, फार मोठी ताडपत्रीही नको. तिचा पदर चाकात जातो, मागील दिवे व क्रमांकाची पाटी झाकली जाते, आणि रात्री मागून येणाऱ्या वाहनास आपली गाडी दिसत नाही. माल गाडीच्या अंगाबाहेर काढणे तर कायद्यानेही गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याबद्दलचा दंड २०,००० रुपये आहे.

ताडपत्री चांगली असून माल भिजतो, तो बहुधा बांधणीतील दोषामुळे. पोत्यांची थप्पी सपाट रचू नये. मधली ओळ एका पोत्याने उंच ठेवावी, म्हणजे घराच्या आढ्याप्रमाणे मध्ये उंचवटा येऊन दोन्ही अंगांना पाणी ओघळेल. ज्यांना नेहमी वाहतूक करावयाची आहे त्यांनी हौद्यावर लोखंडी पाइपच्या दोन-तीन कमानी बसवून घ्याव्यात. कमानींवर ताणलेल्या ताडपत्रीत पाणी साचतच नाही. समोरची कड चालकाच्या केबिनमागे खाली खोचून घट्ट बांधावी, कारण वारा तेथूनच आत शिरतो व एकदा शिरला की सबंध ताडपत्री फुगवून कड्या उपटतो. कोपऱ्यांच्या घड्या घालताना घडीचे तोंड मागच्या दिशेस ठेवावे. दोन लहान ताडपत्र्या जोडून वापरावयाच्या असल्यास प्रथम मागची टाकावी व नंतर पुढची, अशा रीतीने की पुढचीचा पदर मागचीवर दोन फूट तरी येईल. कौले शाकारताना वरचे कौल खालच्यावर येते, तोच न्याय. दोर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे तिरपा नेत फुलीसारखा आवळावा. जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या दोराच्या शेवटी लावल्यास गाडी हादरली तरी ताण राहतो. हौद्याच्या कोपऱ्यावर जेथे लोखंडाची धार आहे तेथे पोत्याचा तुकडा घालावा, म्हणजे ताडपत्री कापणार नाही. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून दोर पुन्हा आवळावेत. माल तोवर बसलेला असतो व दोर हमखास सैल पडतात. घाट उतरण्यापूर्वी तर हे अवश्य करावे.

खालून येणाऱ्या पाण्याकडे कोणाचेच लक्ष नसते. हौद्याच्या तळाला बोल्टची भोके असतात, मागील फाळक्याखाली फट असते, आणि रस्त्यावरचे पाणी चाकांनी उडून तेथून आत येते. तळाशी लाकडी फळ्या टाकून त्यांवर जुनी पण न गळणारी ताडपत्री अंथरावी व तिच्या कडा बाजूंनी फूटभर वर घ्याव्यात. सुट्या धान्याची गळतीही त्याने थांबते.

येथवर जे सांगितले ते सोयाबीन, तूर, हरभरा, मका या पोत्यांतील मालाविषयी. कापसाची गोष्ट निराळी आहे, आणि ती पुरेशी ध्यानात घेतली जात नाही म्हणून जरा थांबून सांगणे इष्ट वाटते.

कापूस पिकअपमध्ये बहुधा सुटा, दाबून भरलेला असतो. त्यावर जुनी प्लास्टिकची ताडपत्री टाकली व तिच्या कडा विरलेल्या असल्या, तर निळे-पिवळे बारीक धागे सुटून कापसात मिसळतात. वाऱ्याने ताडपत्री फडफडत राहिली तर हे अधिकच होते. हा धागा रुईच्या तंतूएवढाच बारीक होत जातो. जिनिंगमध्ये तो सरकीबरोबर वेगळा होत नाही, रुईबरोबर गाठीत जातो, गाठीतून सूतगिरणीत जातो, सुताबरोबर विणला जातो, आणि कापड रंगविल्यानंतर प्रथमच डोळ्यांस दिसतो. कारण प्लास्टिकच्या धाग्यास कापसाचा रंग चढत नाही. तेवढे कापड मग बाद. भारतीय कापसास परदेशच्या बाजारात कमी लेखण्याची जी कारणे सांगितली जातात, त्यांत असल्या परकीय धाग्यांची भेसळ हे एक प्रमुख कारण आहे. २००० साली केंद्र शासनाने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, त्यात बाजार आवारे व जिनिंग कारखाने सुधारण्याबरोबर ही भेसळ कमी करणे हाही एक हेतू होता. परंतु कारखान्यात कितीही सुधारणा झाल्या, तरी आपल्या खळ्यावरून निघतानाच धागा कापसात शिरला असेल तर त्याला वेचून काढणारा कोणी नाही.

म्हणून कापसावर प्रथम जुन्या सुती चादरी किंवा जाडे सुती कापड शिवून केलेली मोठी पासोडी टाकावी आणि तिच्यावर ताडपत्री. ताडपत्री नवी, अखंड कडांची असावी. कापूस बांधण्यासाठी प्लास्टिकची सुतळी वापरू नये, आणि खताच्या रिकाम्या पोत्यांत कापूस भरून नेण्याची सवय तर सर्वथा सोडावी. या साऱ्याचा मोबदला आज प्रत्येक बाजारात रोख मिळतो असे म्हणता येणार नाही. स्वच्छ आणि धागेमिश्रित कापूस पुष्कळदा एकाच भावाने जातो, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. तरीही गाडी रिकामी होताना ढिगात रंगीत धागे दिसले की प्रत खाली धरण्यास निमित्त मिळते, ते तरी आपण का द्यावे?

कापसाच्या ओलाव्याचा नियमही कडक आहे. भारतीय कापूस निगमाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा मूळ धरतात, १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भाव कमी होतो, व १२ च्या वर कापूस घेतला जात नाही. पावसापासून ताडपत्री वाचवील. परंतु सकाळच्या दहिवरात वेचलेला ओलसर कापूस तिच्याखाली झाकला तर तीच त्याचा ओलावा कोंडून ठेवते. खरेदी केंद्रापुढे गाड्यांची रांग लागून एक-दोन रात्री काढाव्या लागतात, तेव्हा रात्री आच्छादन ठेवावे व ऊन चढल्यावर दोन-तीन तास ते काढून कापसास हवा द्यावी. ताडपत्रीच्या आतील अंगास सकाळी जे पाण्याचे थेंब दिसतात ते पावसाचे नसून मालातून निघालेल्या वाफेचे असतात.

हाच विचार संग्रामपूर, जळगाव जामोदकडील संत्र्यांना आणि सर्वच भाजीपाल्यास लागू पडतो. तोडलेले फळ श्वास घेत असते व उष्णता बाहेर टाकत असते. ते प्लास्टिकखाली बंद करून दुपारच्या उन्हात नेणे म्हणजे ते शिजविणेच होय. अशा मालावर सावलीची जाळी घालावी, वाहतूक रात्री किंवा पहाटे करावी, आणि ताडपत्री घडी करून बरोबर ठेवावी. पाऊस आलाच तर कमानींवर ओढून बाजू उघड्या ठेवाव्यात.

भाड्याची गाडी ठरविताना ताडपत्री कोणी आणावयाची, हे आधी ठरत नाही आणि माल भिजल्यावर मग वाद होतो. वाहनमालक म्हणतो, माल तुमचा. शेतकरी म्हणतो, गाडी तुमची. भाडे ठरवितानाच हे बोलून घ्यावे. आमच्या मते शेतकऱ्याने स्वतःची ताडपत्री ठेवणेच श्रेयस्कर. कारण ती खळ्यावरही उपयोगी पडते, आणि परक्याच्या ताडपत्रीची छिद्रे आपणांस पाऊस आल्यावरच कळतात. ज्यांना एकट्याने चांगली ताडपत्री घेणे जड जाते त्यांनी चार-पाच जणांत मिळून एक जाड ताडपत्री घ्यावी. शेतकरी गटांना हे सहज शक्य आहे. ताडपत्रीसाठी शासनाच्या व जिल्हा परिषदेच्या योजनांतून वेळोवेळी अनुदान मिळते. त्याची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात पेरणीच्या सुमारासच करावी. काढणी सुरू झाल्यावर अर्ज करणाऱ्यास ताडपत्री मिळते ती पुढल्या पावसाळ्यात. ग्रामसेवक व कृषी कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर उजाडताच गावातील ताडपत्र्या उघडून पाहण्यास लोकांना सांगावे. लग्नसराईत मांडवासाठी शेजाऱ्याने नेलेली ताडपत्री कोणत्या अवस्थेत परत आली आहे, हे घडी उलगडल्याखेरीज समजत नसते.

फाटलेल्या जागी सुई-दोऱ्याने शिवू नये. प्रत्येक टाक्यागणिक नवे छिद्र पडते. ताडपत्रीसाठी मिळणारी चिकटपट्टी जागा स्वच्छ पुसून, पूर्ण वाळवून, दोन्ही अंगांनी लावावी. उन्हाने तडकून धागे सुटू लागलेली ताडपत्री सरपण झाकण्यास ठेवावी. ती वैरणीवर मात्र टाकू नये, कारण सुटलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या वैरणीबरोबर जनावरांच्या पोटात जातात.

बाजारात पोहोचल्यावर ताडपत्री घाईने ओढून काढण्याची रीत आहे. पाऊस झाला असेल तर तसे मुळीच करू नये. वाटभर अडविलेले पाणी त्या एका ओढीसरशी पोत्यांवर पडते. प्रथम बाजूचे दोर सोडावेत, दोघांनी मधला भाग आतून हाताने वर उचलून साचलेले पाणी खाली निथळू द्यावे, आणि मग ओले अंग आत घेत मागच्या बाजूकडे गुंडाळीत जावे. घरी परतल्यावर दोन्ही अंगे उन्हात वाळवून घडी घालावी व उंदरांचा उपद्रव नसेल अशा उंच जागी ठेवावी.